बाहेरकाठा हीच शाळा : खाडीकाठच्या गावांतील सामुदायिक शिक्षणाचा पाठ

अंबा नदी नागोठण्याच्या पुढे उतरली की तिच्या गोड्या पाण्यात समुद्राचे खारे पाणी मिसळू लागते. पुढे तिचीच धरमतरची खाडी होते आणि ती मुंबई बंदराच्या दक्षिण अंगास समुद्राला मिळते. खाडीच्या एका बाजूस पेण तालुका, दुसऱ्या बाजूस अलिबाग तालुका आणि वरच्या अंगास रोहे तालुक्यातील नागोठण्याचा परिसर, अशी येथील रचना आहे. काठावरील सखल प्रदेशास खारेपाट म्हणतात. खारेपाटातील पुष्कळशी भातशेती उधाणाच्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बाहेरकाठा उभा आहे, म्हणूनच तेथे भात पिकते.

या बाहेरकाठ्याचा एक विशेष गुण ध्यानात घेण्यासारखा आहे. माळावरील शेतकऱ्याने आपला बांध घातला नाही तर मुख्यतः त्याचेच नुकसान होते. खारेपाटात तसे नाही. काठ्याला एका ठिकाणी खांड गेली की त्या काठ्याच्या आतील प्रत्येक शेतात खारे पाणी शिरते. ज्याने आपल्या वाट्याचा काठा उत्तम राखला त्याचे शेत आणि ज्याने हयगय केली त्याचे शेत यांत भरतीचे पाणी भेद करीत नाही. शिरलेले पाणी ओहोटीला निघून गेले तरी मीठ मागे राहते. ते धुऊन निघण्यास एक पावसाळा पुरत नाही, असा अनुभव अनेक गावांस आलेला आहे. खांड वेळेवर बुजली नाही तर हळूहळू तेथे कांदळ उगवू लागते आणि पिकती जमीन खाजणात जमा होते.

जेथे नुकसान सर्वांचे आणि बचावही सर्वांचा, तेथे माणसे एकमेकांपासून कशी शिकतात, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. खेड्यात शेतकऱ्यांचे गट स्थापन करणे, त्यांच्या सभा भरविणे आणि नव्या पद्धती त्यांच्यापर्यंत पोचविणे हे ग्राम-कार्यकर्त्याचे काम होय. गट का शिकतो आणि का शिकत नाही, हे नीट समजल्यावाचून या कामास यश येणे कठीण आहे.

जोळ म्हणजे काय

एका बाहेरकाठ्याच्या आत ज्यांची ज्यांची शेते येतात, त्या सर्वांनी मिळून काठा राखावयाचा, अशी रीत या भागात पूर्वापार होती. या रीतीस व त्या गटास जोळ म्हणत. ज्याची जमीन जितकी, तितके त्याचे श्रम, असा सर्वसाधारण हिशेब असे. भातकापणी आटोपली की पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांत काठ्याचे काम निघे. खाडीकडील चिखल काढून काठ्यावर चढवावयाचा, खचलेली माथ्याची माती भरावयाची, खेकड्यांची बिळे उकरून ठोकून बंद करावयाची आणि उघाडीची झडप तपासावयाची, ही त्यातील मुख्य कामे होत.

या व्यवस्थेचा अर्थ एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ६०० मीटर लांबीच्या काठ्याने ३० हेक्टर भातजमीन राखली जाते. म्हणजे दर हेक्टरास २० मीटर काठा वाट्यास आला. दीड हेक्टरवाल्याकडे ३० मीटर, तर एक एकर, म्हणजे सुमारे ०.४ हेक्टर जमीन असणाऱ्याकडे केवळ ८ मीटर येतील. परंतु त्या ८ मीटरांत एक बीळ दुर्लक्षित राहिले तर धोका ०.४ हेक्टरास नसून संपूर्ण ३० हेक्टरांस आहे. म्हणून दीड हेक्टरवाल्यास आपल्या शेजाऱ्याने काठ्याचे काम चांगले शिकून घ्यावे असे मनापासून वाटते. आपले ज्ञान त्याच्यापासून लपवून ठेवण्यात त्याचा काहीच लाभ नाही. उलट ते लपविले तर त्याचेच भात बुडते.

सामुदायिक शिक्षणाचे मर्म येथे आहे. एकाच्या शिकण्यात दुसऱ्याचा लाभ आहे आणि एकाच्या अज्ञानात दुसऱ्याची हानी आहे, ही परिस्थिती असली म्हणजे शिकविणारा बाहेरून आणावा लागत नाही. गटातील प्रत्येक जण कोणाचा तरी शिक्षक होतो.

जोळात काय शिकले जात असे

जोळातील ज्ञान कोणी लिहून ठेवले नव्हते. ते काम करता करता दिले व घेतले जाई. त्यातील काही गोष्टींचा शास्त्रीय अर्थ पाहण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट भरतीच्या हिशेबाची. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाणी कमी चढते. काठ्याच्या पायथ्याचे काम भांगाच्या दिवसांत काढले तर पायथा अधिक वेळ कोरडा मिळतो व नवा चिखल बसण्यास अवधी मिळतो. मुंबई बंदराच्या भरती-कोष्टकात पावसाळ्यातील मोठ्या उधाणांची उंची साडेचार मीटरांहून अधिक दाखविलेली असते. असे उधाण, जोराचा वारा आणि नदीचा पूर एकाच वेळी आले म्हणजे काठ्याची खरी परीक्षा होते.

दुसरी गोष्ट बिळांची. खेकड्याचे बीळ काठ्याच्या आरपार गेले की भरतीच्या दाबाने त्यातून पाणी वाहू लागते. वाहते पाणी आतील मातीचे कण आपल्याबरोबर नेते, त्यामुळे बीळ रुंदावते आणि अधिक पाणी वाहते. बोटभर झिरप्याची अशा रीतीने खांड होते. झिरपणारे पाणी निवळ आहे की गढूळ, हे अनुभवी शेतकरी प्रथम पाहतो. पाणी गढूळ असेल तर आतून माती सुटत आहे, असे समजावे व विलंब न लावता उपाय करावा.

तिसरी गोष्ट उघाडीची. उघाडीची झडप ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने बाहेर उघडते आणि भरतीच्या वेळी बाहेरच्या दाबाने मिटते. झडपेत एखादे लाकूड वा दगड अडकला तर ती पुरती मिटत नाही आणि काठा शाबूत असूनही शेतात खारे पाणी येते. पहिल्या पावसाचे गोडे पाणी शेतात साठवून, चिखलणी करून, ते ओहोटीच्या वेळी उघाडीवाटे सोडून दिले की विरघळलेले मीठ त्याबरोबर जाते. ही धुलाई सर्वांनी एका वेळी केली तरच साधते. वरच्या शेताने आपले खारे पाणी भलत्या वेळी खालच्या शेतात सोडले तर मीठ बाहेर न जाता शेजाऱ्याकडे जाते.

या तिन्ही गोष्टी पुस्तकातून समजू शकतात, परंतु त्या अंगवळणी पडतात त्या काठ्यावरच. तरुण मुलगा बापाबरोबर काठ्यावर जाई आणि कोठे पाय खचतो, कोठे माती पोकळ वाजते, हे पाहून शिकत असे. काम बंद पडले की हे शिक्षणही बंद पडते.

जोळ का विसकटली

कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या महसुली व्यवस्थेत शिलोत्री नावाची पद्धत होती. खाजणास बांध घालून ज्याने जमीन लागवडीस आणली, त्या शिलोत्रदाराने बाहेरकाठा राखावा आणि त्याबद्दल शेतकऱ्यांकडून धान्याच्या रूपाने ठरावीक हक्क घ्यावा, असे तिचे स्वरूप होते. पुढे खारजमिनींच्या बंदिस्तीसाठी मुंबई प्रांतात १९४८ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यानंतर १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. शासकीय योजनांमुळे मोठ्या बंदिस्तीची कामे होऊ लागली व एरवी गावाच्या आवाक्याबाहेर असलेला खर्च शासनाने उचलला. हा मोठाच लाभ होय.

तथापि त्याबरोबर एक हानीही झाली. काठा आता आपला नसून सरकारचा आहे, अशी भावना अनेक ठिकाणी बळावली. घरातील तरुण कारखान्यांत व शहरांत नोकरीस गेले. काठ्यावर सामुदायिक कामासाठी जाणे कमी झाले आणि त्याबरोबर काठ्याची पारख करणारी माणसेही कमी झाली. यंत्राने घातलेला नवा काठा भक्कम असतो, परंतु त्यावर पहिले बीळ केव्हा पडले हे पाहणारा डोळा गावातच असावा लागतो. कोणत्याही खात्याचा कर्मचारी प्रत्येक उधाणाच्या रात्री प्रत्येक काठ्यावर उभा राहू शकत नाही.

सभा आणि शिक्षण यांतील भेद

वीस माणसे एकत्र बसली म्हणजे गट झाला आणि त्यांनी व्याख्यान ऐकले म्हणजे ती शिकली, असा समज करून घेणे बरोबर नाही. याविषयी महाराष्ट्रात झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे.

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोन, याप्रमाणे दहा आठवडे कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ कार्यक्रम ऐके, त्यावर चर्चा करी, आपल्या गावात यांतील काय करता येईल ते ठरवी आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवी. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. तुलनेसाठी दोन प्रकारची इतर गावेही पाहिली गेली : जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी, आणि जेथे दोन्हीही नव्हते अशी.

निष्कर्ष लक्षणीय होता. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसून आली. केवळ रेडिओ असलेल्या गावांतील वाढ तिच्या मानाने फारच थोडी होती. म्हणजे तोच आवाज, तीच माहिती, परंतु जेथे माणसांनी ती आपसांत चर्चिली आणि आपल्या गावाच्या कामाशी जोडली तेथे ती टिकली. १९५९ पासून ही कल्पना देशात इतरत्र नेण्यात आली. आज रेडिओची जागा भ्रमणध्वनीवरील संदेशांनी घेतली असली तरी तत्त्व बदललेले नाही. संदेश सर्वांना पोचला म्हणजे सर्वांनी तो आत्मसात केला असे होत नाही.

हेच तत्त्व पुढे शेतीशाळेच्या पद्धतीत आले. १९८९ साली इंडोनेशियात भातावरील किडींच्या एकात्मिक व्यवस्थापनासाठी शेतीशाळा सुरू झाल्या. सुमारे पंचवीस शेतकरी हंगामभर ठरावीक दिवशी शेतात जमत, रोपे व किडी स्वतः पाहत, पाहिलेले कागदावर रेखाटत आणि फवारणी करावयाची की नाही याचा निर्णय चर्चेने घेत. महाराष्ट्रातील कृषी विभागही शेतीशाळा घेतो. त्यांतील यशस्वी शाळांचा गाभा हाच आहे की, निर्णय गट घेतो आणि त्याचे फळही गटाच्या डोळ्यांसमोर येते.

दोन तट असलेल्या गावात

गावात तट असतील तर सामुदायिक शिक्षण व्हावे कसे, हा प्रश्न कार्यकर्त्यांकडून नेहमी विचारला जातो. पुष्कळ वेळा दोन्ही तटांना एका सभेस किंवा स्नेहभोजनास बोलावून समेट घडविण्याचा प्रयत्न होतो व तो फसतो.

याबाबतीत अमेरिकेतील मुझफर शेरीफ या सामाजिक मानसशास्त्रज्ञाचा १९५४ सालचा प्रयोग बोधप्रद आहे. ओक्लाहोमा राज्यातील एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले व त्यांच्यात चढाओढीचे खेळ लावले. थोड्याच दिवसांत दोन्ही गट एकमेकांचे वैरी झाले. पुढे त्यांना एकत्र जेवावयास बसविले तर तेथेही भांडणे झाली. मात्र शिबिराचे पाणी बंद पडले, ते दोन्ही गटांनी मिळून शोधून सुरू केले, बंद पडलेली मोटारगाडी सर्वांनी मिळून ओढली, अशी काही कामे लागोपाठ झाल्यावर वैर ओसरले. एका कामाने ते झाले नाही, अनेक कामांनी झाले, हेही ध्यानात ठेवावे.

मुलांच्या शिबिरावरून गावाचे सर्व नियम काढता येणार नाहीत. तरीही त्यातील बोध खारेपाटास लागू पडतो. दोन तटांची शेते एकाच काठ्याच्या आत असतील तर तो काठा हेच त्यांचे समान कार्य होय. तटांविषयी न बोलता काठ्याविषयी बोलावे. कोणत्या तटाची खांड, असा प्रश्न न काढता कितव्या मीटरवरची खांड, असा काढावा.

चढाओढीसही शेतीत स्थान आहे. पीकस्पर्धेने हुरूप वाढतो व चांगल्या शेतकऱ्याचा गौरव होतो. परंतु मॉर्टन डॉइश या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली विद्यार्थ्यांच्या गटांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या गटांचे यश एकत्र मोजले गेले त्यांत परस्परांशी बोलणे व परस्परांचे ऐकणे अधिक झाले. ज्यांचे यश एकमेकांविरुद्ध मोजले गेले त्यांत ते कमी झाले. म्हणून वाणाची वा वैयक्तिक उत्पादनाची स्पर्धा ठेवण्यास हरकत नाही. काठा, उघाडी आणि पाण्याचा निचरा यांविषयी मात्र संपूर्ण बंदिस्तीचा एकच निकाल धरावा.

समान ध्येय खरेच समान आहे काय

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. ध्येय समान आहे असे कार्यकर्त्याने जाहीर केल्याने ते समान होत नाही. ज्याच्या घामाने काठा उभा राहतो त्याच्याच घरी भात गेले पाहिजे.

अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांचा संप हा याचा ऐतिहासिक दाखला होय. खोतांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि तो १९३९ पर्यंत टिकविला. पिकाचा मोठा हिस्सा दुसऱ्याकडे जात असता जमिनीची निगा राखण्यात कुळाचे मन रमत नाही. उलट, न्याय्य हक्काचे ध्येय खरोखर सर्वांचे होते म्हणून तीच माणसे सहा वर्षे उपासमार सोसून एकत्र राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि खोती संपुष्टात आणणारा कायदा १९४९ साली झाला. आज कसणारा पुष्कळ अंशी मालक झाला आहे. परंतु हितसंबंधांतील भेद नाहीसे झालेले नाहीत.

उदाहरणार्थ, उंचवट्यावरील शेतास खारे पाणी उशिरा पोचते, सखल शेतास लगेच पोचते. उघाडीच्या तोंडाशी मासे धरणाऱ्यास भरतीचे पाणी थोडे आत यावेसे वाटते, भातवाल्यास ते मुळीच नको असते. जो वाट्याने वा खंडाने एकाच हंगामापुरते शेत कसतो, त्यास पुढील वर्षीच्या काठ्याची चिंता कमी असते. जो जमीन विकण्याच्या विचारात आहे, त्यास काठ्यावर श्रम करणे व्यर्थ वाटते. हे भेद सभेत झाकून ठेवू नयेत. कोणाचे काय जाते आणि कोणास काय मिळते, हे प्रथम उघडपणे मांडावे. त्यानंतर उघाडी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत बंद राहील, खंडकऱ्याच्या श्रमाचा भार मालक कितपत उचलील, अशा गोष्टी ठरवाव्यात. प्रामाणिकपणे केलेली तडजोड ही खोट्या एकमतापेक्षा अधिक टिकते.

बंदिस्ती गटाचा वर्षभराचा अभ्यासक्रम

पुढील क्रम धरमतर खाडीकाठच्या कोणत्याही बंदिस्तीस थोड्या फरकाने लागू पडेल. प्रत्येक पायरीत आधी काम, मग चर्चा आणि मग नोंद, हा क्रम पाळावा.

१. काठ्यावरील फेरी. कापणीनंतर सर्व शेतकऱ्यांनी मिळून संपूर्ण काठा चालून पाहावा. दर २० मीटरांवर खूण रोवावी. खचलेला माथा, बिळे, झिरपा, उघाडीची स्थिती यांची नोंद एका वहीत करावी. नोंद प्रत्येक वेळी वेगळ्या सभासदाने लिहावी. वृद्ध शेतकऱ्यांनी पूर्वी खांडी कोठे कोठे गेल्या ते जागेवर उभे राहून सांगावे.

२. कामाची वाटणी. किरकोळ दुरुस्ती गटाने करावी व मोठ्या कामाचे मागणीपत्र, वहीतील नोंदींसह, खारभूमी विकास विभागाकडे द्यावे. मोजमाप असलेल्या मागणीस वजन येते. काठ्याबाहेरील कांदळवन तोडू नये. ते लाटांचा मारा अडविते. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने व २०१८ च्या निकालाने त्यास संरक्षण मिळाले आहे. दुरुस्तीसाठी कांदळवनातून जाणे भाग असेल तर आधी रीतसर परवानगी घ्यावी.

३. नांगरटीची चाचणी. दोन शेजारच्या शेतांपैकी एक कापणीनंतर ओल असतानाच नांगरावे व दुसरे तसेच ठेवावे. नांगरलेल्या जमिनीतील बारीक केशनलिका तुटतात, त्यामुळे खालचे खारे पाणी वर चढण्याचे व मीठ पृष्ठावर साचण्याचे प्रमाण कमी होते. एप्रिलमध्ये गटाने दोन्ही शेतांवरील पांढरा थर स्वतः पाहावा. कार्यकर्त्याने निष्कर्ष आधी सांगू नये.

४. क्षारतेचा अंदाज व मोजणी. अनुभवी शेतकरी माती व पाणी पाहून खारेपणा ओळखतात. प्रत्येकाने आपला अंदाज प्रथम सांगावा व नंतर मातीच्या नमुन्याची विद्युतवाहकता मोजून घ्यावी. संपृक्त मातीच्या अर्कात ती दर मीटरला ३ डेसिसायमनपर्यंत असेतो भातास विशेष बाधा होत नाही. त्यापुढे प्रत्येक एककास उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटते, असा सर्वमान्य हिशेब आहे. म्हणजे ५ असता सुमारे चतुर्थांश आणि ७ असता जवळजवळ निम्मे पीक जाते. आपला अंदाज कोठे बरोबर आला व कोठे चुकला हे गटात सर्वांसमोर पाहिले की चुकीची लाज वाटेनाशी होते. शिक्षणात ही मोठी गोष्ट आहे.

५. वाणांची तुलना. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे क्षारसहिष्णू भातवाण दिले आहेत. गावातील जुना वाण व यांपैकी एक वाण शेजारी शेजारी लावावा. भाताचे रोप लहान असताना व फुलोऱ्यात असताना खारेपणास अधिक नाजूक असते. त्यामुळे या दोन अवस्थांत गटाने शेतास अवश्य भेट द्यावी.

६. उधाणाची पाळी. पावसाळ्यातील मोठ्या उधाणांच्या तारखा कोष्टकावरून काढून पाळ्या लावाव्यात. प्रत्येक पाळीत एक अनुभवी व एक नवखा असावा. काठ्याची पारख पुढच्या पिढीकडे जाण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

७. वर्षाचा आढावा. पुढील कापणीनंतर वही सर्वांसमोर वाचावी. कोणते काम झाले, कोणते राहिले, कोणता निर्णय चुकला, हे ठरवून पुढील वर्षाचे काम लिहावे.

कार्यकर्त्याने टाळावयाच्या गोष्टी

गटात नेहमी बोलणारे दोन-तीनच असतात. त्यांचे मत तेच गटाचे मत असे धरू नये. लावणी बहुतांशी स्त्रिया करतात. रोप कोणत्या कोपऱ्यात मरते हे त्यांना प्रथम कळते. त्यांच्यावाचून भरलेली सभा ही निम्म्या माहितीची सभा होय. म्हणून फेरीची वेळ त्यांच्या सोयीने ठेवावी.

काही जण श्रम न करता लाभ घेतात, ही तक्रार प्रत्येक बंदिस्तीत असते. त्यावर कार्यकर्त्याने शिक्षा ठरवू नये. नियम गटाने करावा आणि तो काम सुरू होण्यापूर्वी करावा. विधवा, वृद्ध किंवा बाहेरगावी नोकरी करणारे यांच्यासाठी श्रमाऐवजी पैसा, किंवा नोंदवही ठेवण्यासारखे काम, असा पर्याय द्यावा. नियम सर्वांनी केला असला म्हणजे तो पाळला न जाणे हा गटाचाच अपमान ठरतो.

शेवटी, कार्यकर्त्याने घाई करू नये. उत्तर आपणास ठाऊक असले तरी ते गटाने शोधावे एवढा वेळ द्यावा. मात्र जेथे धोका तत्काळ आहे, उदाहरणार्थ गढूळ झिरपा दिसला, तेथे चर्चेत वेळ घालवू नये. आधी बीळ बुजवावे, चर्चा नंतर करावी.

उपसंहार

सहकार्याचा उपदेश केल्याने सहकार्य होत नाही आणि शिक्षणाचे महत्त्व सांगितल्याने कोणी शिकत नाही. ज्या कामात सर्वांचे खरोखर गुंतले आहे असे एक काम शोधावे, त्यातील लाभहानीची वाटणी न्याय्य करावी, ते काम सर्वांच्या हातांनी व्हावे आणि त्याचा परिणाम सर्वांच्या डोळ्यांस दिसावा, एवढे साधले की शिक्षण आपोआप सुरू होते. खारेपाटात असे काम शोधण्यास दूर जावे लागत नाही. दर पंधरवड्यास उधाण येते आणि काठ्याची परीक्षा घेते. त्या परीक्षेस सारा गाव एकत्र बसतो. उत्तीर्ण होतो तो एकत्र आणि नापास होतो तोही एकत्रच.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या बंदिस्तीत पूर्वी खांडी कोठे गेल्या? त्या जागा आज कोण पाहतो?

२. झिरपा निवळ आहे की गढूळ, हे ओळखू शकणारे तरुण आपल्या गावात किती आहेत?

३. उघाडी उघडी ठेवण्यात कोणाचा लाभ आहे व कोणाची हानी? दोघांना मान्य होईल असा नियम कोणता?

४. मागील वर्षी गटाने घेतलेला कोणता निर्णय चुकला? त्यापासून काय शिकलो?

५. काठ्याशिवाय आपल्या गावात सर्वांचे समान गुंतलेले असे दुसरे कोणते काम आहे?